भाऊजींची मोटर

काल फवारणीच्या पंपात ऑईल मिसळलेलं पेट्रोल ओतलं आणि त्या वासानं मला जळगाव जामोदजवळच्या धरणाच्या काठावर नेऊन उभं केलं. तिथे शांताकाकू शिडाच्या छोट्या नावेतून मासे धरायची. माझे पुण्याचे भाऊजी सुट्टीत आले ते नावेला लावायची मोटर गाडीत घालूनच. पांढरे बूट, काळा चष्मा, आणि नावेत याआधी कधी पाय ठेवलेला नाही.

नावेच्या मागच्या फळीवर त्यांनी मोटर टेकवली आणि दोन स्क्रू आवळले. काकूनं फळी बोटानं दाबून पाहिली.

"फळी जुनी हाय, जावईबापू. आतून ठोकळा लावा, अन् मोटरले दोरी बांधा."

"काकू, हे मशीन आहे, बैल नाही," भाऊजी म्हणाले. मी खो खो हसलो.

आम्ही तिघं नावेत बसलो. भाऊजींनी मोटर चालू करायचा दोर ओढताच ती गुरगुरली, नाव वीसेक हात उधळली आणि फळीचा मोठा तुकडा घेऊन मोटर तळाला गेली. मागून पाणी आत येऊ लागलं. भाऊजी किंचाळत काकूच्याच दंडाला लोंबकळले. तिनं आम्हा दोघांना पुढच्या टोकाला बसवलं, तशी मागची बाजू वर उचलली गेली. मग शीड वळवून तिनं नाव काठाला आणली.

"आता मी पाण्यात कशी जाऊ जी?" तिनं विचारलं.

भाऊजी बुटातलं पाणी काढत म्हणाले, "नावच सडकी होती."

त्या माणसाची मला आजही किळस येते. पण तेव्हा काकू माझ्याकडे पाहत होती, मी काहीतरी बोलेन म्हणून. मी मान खाली घातली आणि भाऊजींच्या गाडीत जाऊन बसलो.