सातवी विहीर

बहात्तरच्या दुष्काळात जतकडच्या आमच्या गावात पिसाळलेलं कुत्रं शिरलं. दोन शेरडांना चावलं, माझ्या सासूबाईंच्या पोटरीचा लचका तोडला आणि चावडीमागं जाऊन मेलं. नवरा फौजेत, घरात आम्ही दोघीच. मी साताऱ्याची, मॅट्रिक पास, आणि त्याचा मला भारी तोरा. साबणानं त्यांची जखम खसाखसा धुतली आणि हुकूम सोडला, "आत्याबाई, उठा. मिरजेच्या दवाखान्यात जायचं. पोटात चौदा इंजेक्शनं घ्यायची."

"आदी सात हिरी," आत्याबाई म्हणाल्या. "पान्यात आपलं त्वांड दिसलं तर भ्या न्हाई. कुत्रं दिसलं तर इख चढलं. मग सुया टोचून काय उपेग?"

माझं टाळकंच फिरलं. गावातल्या विहिरींत पाणी होतं कुठं? तळाला भेगा पडलेल्या. पण त्या हटेनात. "माझा भाऊ पिसाळून मेला. पान्याचा तांब्या बघून किंचाळायचा. मला बघूंदे." पिसाळलेला माणूस पाण्याला भितो हे त्या लोकांनी डोळ्यांनी पाहिलं होतं, म्हणून निवाडाही पाण्यावरच सोपवलेला. हे मला आज कळतं. तेव्हा मी नुसती चरफडले.

गावाचा रिकामा टँकर भरायला मिरजेकडे, नदीवर निघाला होता. ड्रायव्हरला सगळं कळलं तसा तोच इरेला पेटला. "आवं मावशी, बसा! वाटंत दिसंल त्या हिरीवर थांबतो."

काय ती धावपळ! विहीर दिसली की करकचून ब्रेक. कोरडी निघाली की ड्रायव्हर शिव्या घालायचा. तळाला पाणी असलं की आत्याबाई काठावर ओणव्या, त्यांचा पदर माझ्या मुठीत, आणि ड्रायव्हर मागून ओरडायचा, "कोन हाय?" "मीच हाय!" सहाव्या विहिरीपर्यंत मीही त्याच्याबरोबर ओरडायला लागले होते.

सातवी सापडेचना. मिरज आली, टँकर काठोकाठ भरला. ड्रायव्हरनं वरचं झाकण उघडलं. "ही घ्या मावशी, चाकावरची हीर!" साठीची बाई लुगडं खोचून शिडीनं वर चढली, वाकली आणि हसतच सुटली. "मीच हाय गं!"

मग माझ्याकडे वळल्या. "आता तू बघ."

"मी कशाला?"

"माझी जखम धुतलीस तवा तुझं बोट इळ्यानं कापल्यालं हुतं. मी सकाळधरनं बघतिया."

मी बोट पाहिलं. चीर अजून ओली होती. मॅट्रिक पास मी, गुमान शिडी चढले. पाणी हलत होतं, काहीच धड दिसेना. श्वास रोखून थांबले. माझाच चेहरा दिसला तेव्हा इतक्या जोरात ओरडले की नदीवर धुणं धुणाऱ्या बायका वळून पाहू लागल्या.

दवाखान्यात डॉक्टरांनी आत्याबाईंची पोटरी पाहिली. लगेच आत्याबाईंनी माझा हात ओढून पुढं केला. डॉक्टर बोट निरखून म्हणाले, "दोघींनाही चौदा."

मला रडूच कोसळलं. आत्याबाई पोटावरचं लुगडं बाजूला करून पुढं सरसावल्या. "आदी मला टोचा. तिला बघूंदे, मंजी भ्यायची न्हाई."