जिभेखालची सुपारी

निजामाच्या अमदानीत मानवतच्या एका जिनिंगात मी अठरा वर्षं कापूस पारखला. गाडी फाटकाशी आली की कोपरापर्यंत हात आत घालायचा, तळचा कापूस उपसायचा, धागा ओढून बघायचा आणि जिभेनं "च्च" करायचं. बस्स. ते ऐकलं की खरेदीवाले साहेब भाव उतरवायचे. माल चांदीसारखा असला तरी "च्च". आपण शब्दानं कधी खोटं बोललो नाही, एवढ्यावर मी झोपत होतो.

एकदा एका म्हाताऱ्या शेतकऱ्यानं विचारलं, "मालक, हितं कवा कुनाचा कापूस चांगला निगालाय का?" टोमणा नव्हता. त्याला खरंच माहीत करून घ्यायचं होतं.

पुढच्या हंगामाआधी मी इस्तिफा दिला आणि त्याच फाटकाबाहेर लिंबाखाली बसलो. आता शेतकऱ्याच्या बाजूनं पारखायचं, साहेबांसमोर उभं राहून मालाचा खरा दर्जा सांगायचा. बायकोची एकच अट होती, बोहनी तिच्या भावाच्या गाडीनं व्हावी.

मेहुणा आला तो चार गाडीवाले गोळा करूनच. "बगा रे, दाजी आता आपल्याकडून हायत. ह्यांचं काम पटलं तर तुमी बी गाड्या दावा."

कापूस कोरडा, लांब धाग्याचा. साहेबांसमोर मी हात घातला, धागा ओढला, आणि जीभ टाळूला चिकटून सुटली. "च्च."

साहेब मेहुण्याकडं बघून हसले. "लो, तुम्हाराच गवाह बोल गया."

मी माल उत्तम असल्याचं सांगत राहिलो. भाव उतरला तो उतरलाच. चारही गाडीवाले मला न विचारता फाटकात शिरले.

"दाजी," मेहुणा म्हणाला, "तुमी इस्तिफा दिल्याचं जिभेला कुनी सांगितलंच न्हाई."

घरी बायकोनं विचारलं तेव्हा मी म्हणालो, "ओलसर होता तुझ्या भावाचा कापूस." मेहुणा जेवत होता. माझ्याकडं बघून त्यानं आणखी एक भाकरी मागून घेतली. "दव पडलं, आक्का."

चार दिवसांनी तो दुसरी गाडी घेऊन आला. मी हात घालायच्या आत त्यानं सुपारीचं खांड माझ्या तोंडात कोंबलं. "जिभेखाली धरा. मंग बगा."

मी धागा ओढला. साहेब कान देऊन थांबले. जीभ उठली नाही. "एक नंबर माल," मी बोबडं बोललो. भाव टिकला. मागून कुणीतरी म्हणालं, "पारखी, आमची बी गाडी बगा की."

तेव्हापासून सुपारी सुटली नाही. दात काळे झाले, बायको व्यसनी म्हणते. आणि दर दसऱ्याला भावाला निरोप धाडते, "कापूस वाळवून आन. त्या साली ह्यांची इज्जत घालवलीस." तो "व्हय आक्का" म्हणतो.

त्याचा कापूस कोरडा होता. आज हे लिहिलेलं तिला वाचून दाखवणार आहे. मेहुण्याला जेवायला बोलावलंय. एकट्यानं सापडायची छाती नाही.