कॉलेजच्या सर्व्हरचे सहा दिवे

बुलढाण्याच्या एका कॉलेजात मी कॉम्प्युटर सांभाळायचो. सर्व्हरमध्ये सहा डिस्क, प्रत्येकीला एक दिवा. ठीक असली तर हिरवा, बिघडली की लाल. डिस्कवर नंबर नव्हते. पण कमांड दिली की हवा तो दिवा लुकलुकवता यायचा. एवढ्याशा दिव्यांवर इतके किस्से साठतील, असं नोकरीला लागताना वाटलं नव्हतं.

एकदा पाहणीला समिती आली. प्राचार्य म्हणाले, "काहीतरी चालू असल्यासारखं दिसू द्या." मी सहाही दिवे लुकलुकवले. अध्यक्ष दोन पावलं मागे सरकले. "बिघडलंय वाटतं. आम्ही नंतर येतो."

एक दिवा तसाच लुकलुकता ठेवून मी उंद्रीला लग्नाला गेलो. पंगतीत ग्रंथपाल टेकाडे मॅडमचा फोन.

"सर, एक डिस्क मरून राह्यली."

"मरत नाही मॅडम. मीच तिला लुकलुकत ठेवलंय."

"काऊन?"

"विसरलो."

सर्व्हर ग्रंथालयातच, मॅडमच्या टेबलासमोर. त्यांनी दिव्यांवर काळी टेप चिकटवली. मी टेप काढली. त्यांनी टेबल फिरवलं.

मग माझा पाय मोडला. धाड या माझ्या गावी, घरी प्लास्टर घालून पडलो होतो. लॅपटॉपवर दिसलं, एक डिस्क गेली. नवी ग्रंथालयाच्या कपाटात होती. एक गेली तरी काम चालतं; पण चुकून दुसरी चांगली ओढली, तर सगळ्या मुलांचे प्रॅक्टिकलचे मार्क गेले. मॅडम रजेवर. फोन उचलला ग्रंथालयाचे शिपाई गजाननभाऊंनी.

"भाऊ, लाल दिव्याची डिस्क ओढा."

त्यांची पावलं सर्व्हरपर्यंत जाऊन परत आल्याचं ऐकू आलं.

"भाऊ?"

"सर, मले लाल अन् हिरवा एकसारखाच दिसते."

"कधीपासून?"

"जन्मापासून. कोणाले सांगतलं नाही. नोकरी जाईन असं वाटलं."

सांगितलं नसतं, तर त्यांनी कोणतीही ओढली असती. मी कमांड दिली.

"आता एखादा लुकलुकतो का?"

"हाव. एकच."

"तीच काढा."

नवी डिस्क बसली. संध्याकाळपर्यंत सगळं जागेवर आलं.

पाय बरा झाल्यावर मी ग्रंथालयात गेलो. तिथे लाल चिठ्ठीची पुस्तकं बसून वाचायची, हिरव्या चिठ्ठीची घरी न्यायची. दोन्हींची कपाटं वेगळी. बारा वर्षं पुस्तकं गजाननभाऊच लावत होते. मी अख्खी दुपार शोधलं. एकही पुस्तक चुकीच्या कपाटात सापडलं नाही.