डावऱ्याची गाठ

आधीच सांगून टाकतो, मी अनाकलनीय अनुभवांच्या या सदराचा वाचक आहे, पण मानणारा नाही. बायको वाचते, मग मलाही वाचायला लावते, आणि मी दर वेळी काहीतरी खोट काढतो. तीस वर्षं एका कारखान्यात क्वालिटी विभागात काढलीत. पार्ट हातात आला की माप तपासायचं गेज लावायचं. बसला तर पास, नाही तर रिजेक्ट. दृष्टान्त, अंगात येणं, भास... यांना लावायला माझ्याकडे गेज नाही, म्हणून मी त्या वाटेला जातच नाही.

पण गेल्या वर्षी एका रविवारी, सकाळी साडेअकराच्या सुमारास, बिबवेवाडीतल्या एका सोसायटीच्या हॉलमध्ये, पंखे-ट्यूबलाइट चालू असताना, पस्तीस-चाळीस माणसांसमोर जे झालं ते मी सहा फुटांवरून पाहिलंय. आणि ते सांगायचं तर आधी स्वतःची एक गोष्ट सांगणं भाग आहे. ती मी पस्तीस वर्षं कोणालाच सांगितली नव्हती. बायकोलासुद्धा नाही.

आमचं मूळ गाव हिंजवडीच्या पलीकडे. माझे आजोबा रखमाजी दुसऱ्या महायुद्धात फौजेत गेले, खेचरवाले म्हणून. ब्रह्मदेशाच्या जंगलात जिथे गाडी जात नाही तिथे दाणागोटा, दारूगोळा खेचरांवरून न्यायचा. शत्रूला चाहूल लागू नये म्हणून त्या खेचरांचे आवाज म्हणे शस्त्रक्रिया करून बंद करायचे. आजोबा गेले तेव्हा माझे वडील, आण्णा, दोन वर्षांचे होते. पुढे 'बेपत्ता' एवढंच कळलं. बाकीचं गावाने पूर्ण केलं – 'रखमा पळाला. तिकडंच बाई ठेवली.'

आण्णा या वाक्याखाली वाढले. त्यांनी वडिलांचं श्राद्ध कधी घातलं नाही. मेला म्हणावं तर कागद नाही, जिवंत म्हणावं तर माणूस नाही. फिटरची नोकरी सांभाळून ते आयुष्यभर सरकारी कचेऱ्यांना पत्रं लिहीत राहिले. 'नोंद उपलब्ध नाही' असं उत्तर आलं की शांतपणे घडी घालून फायलीत लावायचे. जत्रेला गेलो की कट्ट्यावरचे गेनूतात्या हटकून विचारायचे, "काय रं सोपाना, आलं का बापाचं पत्र? का दुसऱ्या आईचं आलं?" सगळे हसायचे. आण्णा नुसते पुढे चालायला लागायचे. मी त्यांचा हात धरून असायचो, आणि खरं सांगतो, मला गेनूतात्यांचा राग येत नसे. आजोबांचा यायचा.

मी एकोणीस वर्षांचा होतो तेव्हाची गोष्ट. बिबवेवाडीतलं आमचं घर, दुपारचे दोन. माझी परीक्षा चालू होती. आण्णा रात्रपाळी करून झोपलेले, आई बाहेर गेलेली. दाराशी सत्तरीचे एक गृहस्थ आले. धोतर, टोपी, हातात कापडी पिशवी.

"रखमाजीच्या पोराचं घर हेच न्हवं? मी सातारकडून आलोय. तुझ्या आज्याबरोबर हुतो मी, बर्मात."

म्हटलं, झालं... हा त्या बाईची बातमी घेऊन आलाय. गावातली कुजबुज होती तोवर निदान कुजबुज होती. हा तर साक्षीदार.

"आण्णा झोपलेत," मी म्हणालो.

"मग बसतो की. उठंस्तोवर बसतो."

"बसू नका. त्यांच्याबद्दल वाईट सांगायला आला असाल तर आल्या पावली परत जा. आम्ही पुष्कळ ऐकलंय."

"वाईट न्हाई रं पोरा, अरं ऐक तर–"

मी दार लावलं. कडी घातली. पाणीसुद्धा विचारलं नाही. फटीतून पाहिलं तर ते बराच वेळ तसेच उभे होते. मग गेले.

संध्याकाळी आण्णांनी चहा घेताना विचारलं, "कोण आलं होतं रे दुपारी? आवाज आल्यासारखा वाटला." मी म्हणालो, "वर्गणीवाले."

नंतर अनेकदा सांगावंसं वाटलं. दर वेळी त्यांच्या हातात एखादं सरकारी पत्र असायचं, आणि मी दुसराच विषय काढायचो. वर्षं जातात तसं सांगणं सोपं होत नाही. उलट, इतकी वर्षं गप्प का होतास, हा आणखी एक प्रश्न वाढतो.

आता गेल्या वर्षावर येतो. आण्णा चौऱ्याऐंशीचे. तीन वर्षांपासून हातांना कंप. शर्टाची बटणं मी लावतो, घास सुनेने भरवायचा. मला बातमी लागली की शुभदाताई नावाच्या एक निवृत्त प्राध्यापिका महिन्यातून एका रविवारी अशा घरांना एकत्र बोलावतात, ज्यांचं कोणी ब्रह्मदेशाच्या लढाईत गेलं. लोक फोटो, पत्रं, बिल्ले घेऊन येतात, त्या जुन्या कागदांशी ताडून बघतात. त्यांचे स्वतःचे एक मामा गेलेले. मी माझ्या नावाने फॉर्म भरला आणि आण्णांना घेऊन गेलो. त्यांच्यासाठी, असं सगळ्यांना सांगितलं. स्वतःसाठी गेलो होतो.

त्या दिवशी तिथे हवालदार जाधव म्हणून निवृत्त फौजी आले होते, खेचरांच्या पलटणीतले. खोगीर, दोर आणि दोन लाकडी पेट्या घेऊन. सुताराच्या लाकडी घोडीवर खोगीर चढवून त्यांनी ओझं कसं कसायचं ते दाखवलं, सोडलं आणि गमतीने म्हणाले, "या कोणीतरी. घरात गॅसची टाकी हलवता ना? मग या!"

हशा झाला. आणि माझ्या शेजारची खुर्ची सरकली.

आण्णा उठले होते. मी धरायला गेलो तर हात झटकला. घोडीजवळ गेले, दोर उचलला... आणि हात थांबले. म्हणजे कंप थांबला. मी त्यांच्या हातांकडे बघत होतो, मला दिवसातून दहा वेळा तेच बघायची सवय आहे. एवढीसुद्धा थरथर नव्हती. त्यांनी पेट्यांवरून दोर फिरवला, पोटाखालचा पट्टा, म्हणजे तंग, ओढला आणि मध्येच थांबले. घोडीच्या लाकडावर थाप मारली.

"थांब," म्हणाले, "पोट फुगवून उभी आहे."

लोक पुन्हा हसले. जाधव हसले नाहीत. आण्णा दोन-तीन क्षण वाट पाहत राहिले, मग एकदम तंग आवळला. दोराला शेवटी डाव्या हाताने एक जादा पीळ दिला आणि मोकळं टोक पुढच्या बाजूला काढून ठेवलं. आण्णा डावखुरे नाहीत. कधीच नव्हते.

"बाबा, कोणत्या पलटणीत होता?" जाधवांनी विचारलं.

"मी? मी फिटर."

"मग पोट फुगवल्याचं कोणी सांगितलं? तंग कसताना खेचर श्वास धरतं, मग सोडल्यावर तंग सैल पडतो. हे नव्या जवानाला शिकायला महिना जातो. आणि ही गाठ... ही आमच्या शिकवण्यात नाही." असं म्हणून त्यांनी ते पुढचं टोक जरा ओढलं, आणि दोन्ही पेट्या एका झटक्यात धाडदिशी फरशीवर आल्या.

शुभदाताई हातातला चहा ठेवून कपाटाकडे गेल्या आणि एक लांबट वही घेऊन आल्या. म्हणाल्या, "ही कोंडिबा म्हणून साताऱ्याकडच्या एका सैनिकाची वही. त्यांच्या नातीने आणून दिली. यात सगळ्यांची टोपणनावंच आहेत, म्हणून एक माणूस कोण, ते मला लागतच नव्हतं. ऐका." त्यांनी वाचायला सुरुवात केली. मी नंतर ती पानं उतरवून घेतली, म्हणून जसंच्या तसं देतो –

'डावऱ्या आमच्यात सर्वांत कमी बोलणारा. गाव हिंजवडीकडचे. ओझे बांधताना डाव्या हाताने जादा पीळ देई. जनावर पाण्यात बुडू लागले की एक टोक ओढायचे, ओझे जाते, जनावर वाचते. सुभेदार रागवत, पण त्याचे खेचर कधी मेले नाही. खेचराला तो सोपान म्हणे. विचारले तर सांगे, घरी पोर आहे, हाक मारायची सवय राहावी.'

शुभदाताई वाचायच्या थांबल्या, कारण मी उभा राहिलो होतो. "आण्णांचं नाव सोपान आहे," मी म्हणालो.

आण्णांचे खांदे हलायला लागले. मला वाटलं रडतायत, तर हसत होते. "माझं नाव खेचराला?" डोळ्यांतून पाणी आणि तोंडावर हसू. "अहो, पुढे वाचा, ताई."

'माघारीत नदी भरलेली. दोन फेऱ्यांत डावऱ्याने सहा जखमी अलीकडे आणले. मी त्यातला एक. तिसऱ्यांदा जाऊ नको म्हणून सुभेदार ओरडले. तो म्हणाला, पलीकडे अजून दोघे आहेत, मोजून आलोय. ते दोघे आले. सोपान आला. पेट्यांचे ओझे मधेच सोडलेले होते, म्हणून आला. डावऱ्या आला नाही.'

"परत वाचा," आण्णा म्हणाले. ताईंनी परत वाचलं. "जरा मोठ्याने. मागच्यांना ऐकू गेलं नसेल." तिसऱ्यांदा वाचलं. मागे सगळ्यांना पहिल्यांदाच ऐकू गेलं होतं, पण कोणी तसं म्हणालं नाही. जाधव सावधानमध्ये उभे राहिले, मग एकेक करून सगळा हॉल उभा राहिला. आण्णा ताठ बसले होते. ते असे ताठ बसू शकतात हे मला माहीत नव्हतं.

ताई म्हणाल्या, "शेवटचं पान राहिलंय."

मला कळलं त्या पानावर काय असणार. "थांबा," मी म्हणालो. "हा माणूस आमच्याकडे आला होता, आण्णा. पस्तीस वर्षांपूर्वी. वर्गणीवाले नव्हते ते. मी दारातूनच हाकलला." माझ्या तोंडून एवढंच निघालं. ते वाक्य इतकं लहान असेल असं कधी वाटलं नव्हतं.

आण्णांनी माझ्याकडे पाहिलं नाही. "वाचा ताई," म्हणाले.

'डावऱ्याचे घर शोधून आलो. त्याचा पोरगा झोपला होता. नातवाने दारातूनच परतवून लावले. राग आला नाही. आजाला कोणी वाईट बोलेल म्हणून पोर दार अडवून उभे होते. घराला राखण आहे. प्रकृती सुधारली की पुन्हा जाईन.'

ही वहीतली शेवटची नोंद. महिन्याभरात ते वारले, असं त्यांच्या नातीने ताईंना सांगितलं होतं.

रिक्षात आण्णा एकच वाक्य बोलले. "मला उठवायचं होतंस." तोवर हात पुन्हा थरथरायला लागले होते. घरी मी मुद्दाम दोर आणून त्यांच्यासमोर ठेवला. आमची सवयच तशी, टेस्ट रिपीट झाली पाहिजे. त्यांनी उचलला आणि साधी गाठसुद्धा बसेना. डॉक्टरांना विचारलं, तर त्यांच्या मते कधीकधी काही क्षण कंप थांबतो. थांबत असेल. पण गाठ? डावा हात? पोट फुगवणारं लाकूड? डॉक्टर म्हणाले, "ते माझ्या विषयात येत नाही." माझ्याही येत नाही. आजोबा जंगलातून परतलेच नाहीत, आणि पुण्यात आण्णांना खेचर दिसलं असेल ते लांबून, कधी संचलनात. मी सगळ्या बाजूंनी मोजून पाहिलं. कुठेच बसत नाही.

दोन दिवस आण्णा माझ्याशी बोलले नाहीत. तिसऱ्या दिवशी सकाळी म्हणाले, "गावाला चल. ती पानं घे."

देवळासमोरचा कट्टा अजून आहे. समोर कंपन्यांच्या बसची रांग, हॉर्न, काचेच्या इमारती. कट्ट्यावर चार म्हातारे, त्यात गेनूतात्या, नव्वदीचे, कानात मशीन घातलेले. आण्णा त्यांच्यासमोर उभे राहिले आणि मला म्हणाले, "वाच."

हॉलमध्ये आण्णांनी बांधलेल्या गाठीचं मी आधी सांगितलं, मग नदीपर्यंत वाचून थांबलो.

"सगळं वाच," आण्णा म्हणाले. गावात आले की ते गावचंच बोलतात. "तुझंबी वाच."

मग दाराचंही वाचलं. माझ्याच वयाचे दोघं-तिघं बाजूला येऊन उभे राहिले होते. वर बघायचं धाडस झालं नाही. वाचून संपलं तेव्हा आण्णांचा थरथरता हात माझ्या खांद्यावर पडला आणि तिथेच राहिला.

गेनूतात्यांनी टोपी काढून मांडीवर ठेवली. "म्हंजी... तीनदा गेला व्हय पाण्यात?"

"तीनदा," आण्णा म्हणाले.

"आन् त्ये गाठीचं खरं? तू बांधलीस?"

"बांधली."

"तुला कुणी शिकवली रं?"

"मला काय इचारतोस, गेनू?" आण्णा म्हणाले. "म्या दोन वर्साचा हुतो तवा."