उजवीकडचं मेडल

तुर्भ्याच्या आमच्या केमिकल कंपनीत पाइप फुटायचे, पंप जळायचे, साहेब बदलायचे. किस्से तेवढे साठतच गेले, कारण ते भंगारात काढायची सोय नाही! त्यातले निम्मे आमच्या गेटवरच्या हवालदारकाकांचे.

काका महाडकडचे. इंग्रजांच्या फौजेतून ब्रह्मदेशात लढून आलेले आणि आता आमचे वॉचमन. ते आणि त्यांचा धाकटा भाऊ, दोघं एकाच दिवशी भरती झाले होते. झेंडावंदनाला काका खाकी ड्रेसवर मेडलं लावून यायचे. तीन छातीच्या डाव्या बाजूला, एक उजव्या.

* * *

आमचा फिटर म्हात्रे, शिरवण्याचा. कॅन्टीनमध्ये एकदा म्हणाला, "काका, ब्रह्मदेश कसा हाय?"

"बघितला कुठं? मान वर काढली तर गोळी! चिखल तेवढा बघितला."

"मंग मेडलं कंच्या मर्दुमकीची?"

"मर्दुमकी कसली? जो गेला त्याला मिळालं."

"आनि ता येकच उजवीकरं कशाला?"

काकांनी डबा झाकला आणि गेटवर निघून गेले. भाकरी टाकून उठणारा माणूस नव्हता तो!

* * *

मेडलं घासायचं काम काकूंचं. चिंच आणि राख लावून, पितळेच्या तांब्यासारखी. घासता घासता एका मेडलवरच्या इंग्रज राजाचं नाक साफ गेलं! मी कोपरखैरण्याला त्यांच्या घरी गेलो तेव्हा काका कुरकुरत होते.

काकू म्हणाल्या, "राजा मेला, राज्य गेलं. आता नाक ठेवून काय करायचंय?"

उजवीकडचं मेडल मात्र काळंच असायचं. त्याला काकू हात लावत नसत.

* * *

मग नवे मॅनेजर आले. पहिल्याच सव्वीस जानेवारीला, सगळ्यांसमोर काकांना म्हणाले, "देश स्वतंत्र झाला, काका. ही गुलामीची खूण काढा बघू!"

काकांचा चेहरा उतरला. हुकूम तो हुकूम. पिनेला हात गेलासुद्धा. मला इतका राग आला, पण तोंड उघडलं ते म्हात्रेनं.

"साहेब, आपला बॉयलर पन विलायतेचा हाय. तो पन काढू काय?"

साहेबच आधी हसले. मेडलं राहिली!

* * *

साहेब मनाचे वाईट नव्हते. तो दिवस त्यांना लागून राहिला होता. काकांच्या निरोपसमारंभाला त्यांनी स्वतः काकांच्या अंगावर शाल घातली, काकूंना पुढे बसवलं, "आमच्या कंपनीचा शूर शिपाई" असं भाषणही केलं. तेवढ्यात त्यांची नजर उजव्या बाजूला गेली.

"काका, आज तरी सगळी एका रांगेत हवीत!"

आणि त्यांनी आपल्या हातानं ते काळं मेडल काढून डावीकडे, बाकीच्यांच्या शेजारी लावलं. आम्ही टाळ्या वाजवल्या. काकूंनी पदर तोंडाला लावला.

साहेबांचा शब्द काकांनी कधी मोडला नव्हता. त्या दिवशी मोडला. मेडल काढलं, पुन्हा उजवीकडे लावलं, आणि कडक सॅल्यूट ठोकला.

"साहेब, डावीकडची घेऊन मी घरी आलो. हे धाकट्याचं. पोस्टानं आलं."