फिट सर्टिफिकेट

हे मी अजून कुणाजवळ बोललेले नाही. आईजवळ नाही. इथे जयपुरात, सीतापुऱ्याच्या ऑफिसात जिच्या शेजारी बसून रोज डबा खाते, त्या मैत्रिणीजवळही नाही. तुमच्याजवळ बोलतेय, कारण तुम्ही मला ओळखत नाही — आणि ओळखणाऱ्या माणसाच्या डोळ्यांत बघून हे सांगायची हिंमत माझ्यात नाही. माझं मराठी जयपूरचं आहे, मतलब घरातलं भुसावळचं आणि शाळेतलं हिंदी, असं दोन्ही एकात एक. शब्द चुकले तर चुकू दे.

लोकांना जी गोष्ट माहीत आहे ती आधी सांगते. रेल्वेच्या पार्सल ऑफिसातल्या बाबूंची मुलगी वैशाली एम.एस्सी. करायला इंग्लंडला गेली. तिकडे चार महिने होतात न होतात तोच इकडे वडिलांना हृदयाचा त्रास झाला. पोरगी सगळं सोडून परत आली आणि वडिलांपाशी राहिली. काय गुणी पोरगी! रेल्वे कॉलनीतल्या बायका आपल्या मुलींना माझं उदाहरण द्यायच्या. या गोष्टीतली प्रत्येक घटना खरी आहे. खोटं काय आहे मग? तेच सांगायला बसलेय, आणि अजून तिथे येत नाहीये — बघा.

जायच्या आधीचं वर्ष आमच्या घरात लग्नघर असल्यासारखं गेलं. माझी इंग्रजीची परीक्षा, युनिव्हर्सिटीला पाठवायचा तो निबंध — मला हेच का शिकायचंय, इथेच का शिकायचंय — व्हिसाचे कागद. बाबा प्रत्येक कागदाच्या तीन-तीन झेरॉक्स काढून आणायचे. मी वाहतूक नियोजन शिकणार, हे त्यांना फार आवडलं होतं. सगळ्यांना सांगायचे, ‘आम्ही गाडीत सामान चढवलं, ही गाड्या कुठून न्यायच्या ते ठरवणार.’ बॅग भरून झाली तेव्हा ते ती स्टेशनवर घेऊन गेले आणि पार्सलच्या काट्यावर तीनदा तोलून आणली. बावीस किलो आठशे, तेवीसपर्यंत चालणार होतं. आईने बिबडे, म्हणजे आमचे ज्वारीचे पापड, आणि काळा मसाला घातला होता, त्यातले थोडे बिबडे काढले, पुन्हा घातले. विमानतळावर बाबा रडले नाहीत. एवढंच म्हणाले, ‘माय, तिकडे कुणाला घाबरू नको. आपण काही कमी नाही.’

मी घाबरले.

कशाला? थंडीला नाही, एकटेपणालाही नाही, ते सगळ्यांनाच होतं. मी तिथल्या वर्गाला घाबरले. आमच्या कॉलेजात मी पहिली यायचे, कारण सरांनी लिहून दिलेलं मी सगळ्यांपेक्षा चांगलं लिहायचे. तिकडे गोल बसवून विचारायचे, तुला काय वाटतं? मला काय वाटतं, हे मला तोवर कुणी विचारलंच नव्हतं. मी गप्प बसायचे. पहिला निबंध लिहिला तो पुस्तकांतून उचलून, आपल्याकडे लिहितात तसा. शिकवणाऱ्या बाईंनी बोलावून घेतलं आणि अगदी हळू आवाजात, अगदी सभ्यपणे सांगितलं, की याला इथे चोरी म्हणतात. पहिलीच वेळ म्हणून सोडलं. त्यानंतर गटाने करायचं एक काम होतं. आमच्या गटातल्या एकीने बाईंना मेल लिहिली होती, आणि पुढे कसल्याशा उत्तराबरोबर ती चुकून मलाही आली. लिहिलं होतं — ही काही बोलत नाही, हिच्यामुळे आमचे मार्क जातील, हिला दुसऱ्या गटात टाकता येईल का? त्या मुलांचं काहीच चुकलं नव्हतं. मी खरंच बोलत नव्हते.

दुसऱ्या दिवसापासून मी वर्गात गेले नाही. सात आठवडे. खोलीत पांघरूण घेऊन पडायचे, भात शिजवायचे, पुन्हा पडायचे. डिपार्टमेंटकडून दोनदा बोलावणं आलं, येऊन भेट, आम्ही मदत करू. गेले नाही. घरी फोनवर मात्र लायब्ररीचं वर्णन करायचे. किती मजले, किती पुस्तकं. बाबा पलीकडून म्हणायचे, ‘वाच माय, वाच.’

मग आईचा फोन आला. बाबांच्या छातीत दुखलं होतं, एका नळीत ब्लॉक होता, स्टेंट टाकला, दोन दिवसांत घरी सोडणार. ‘डॉक्टर म्हणतात, वेळेवर आणलं, आता काही काळजी नाही. तू येऊ नको व बाई, तुझी परीक्षा आहे.’ आई रडत होती आणि मी — मला काय झालं असेल? मला सुटल्यासारखं वाटलं. वडिलांच्या छातीत दुखलं आणि मुलीला आनंद झाला. फोन ठेवायच्या आधीच मी मनात बॅग भरायला घेतली होती. तिसऱ्या दिवशी जयपुरात होते.

इथवर कुणी मला माफही करेल. तेवीस वर्षांची होते, घाबरले, पळाले. पण मी तिथे थांबले नाही.

बाबा महिन्या-दीड महिन्यात हिंडायला-फिरायला लागले. डॉक्टरांनी रोज चालायला सांगितलं होतं, ते कॉलनीच्या मैदानाला दहा फेऱ्या मारायचे आणि घरी येऊन मला आकडा सांगायचे. त्यांना घाई माझ्यासाठी होती. युनिव्हर्सिटीने मला पुढच्या सप्टेंबरला पुन्हा सुरुवात करायची परवानगी दिली होती — त्यासाठीचा अर्जही बाबांनीच मागे लागून माझ्याकडून भरून घेतला. रेल्वेत आजारपणानंतर कामावर रुजू व्हायचं तर फिट सर्टिफिकेट लागतं. ते मिळालं त्या दिवशी बाबा ऑफिसात दाखवायच्या आधी घरी घेऊन आले. माझ्या हातात दिलं. ‘हे घे. सरकारी शिक्का आहे. आता तुझा बाप फिट आहे. आता जा.’

पन्नाशी ओलांडलेला माणूस, दहावीचा निकाल दाखवणाऱ्या पोरासारखा उभा होता.

मी म्हणाले, ‘बाबा, बसा जरा.’

आणि सांगितलं, की डॉक्टर मला वेगळं बोलले आहेत. हृदय आतून कमजोर झालंय. हे सर्टिफिकेट नोकरीपुरतं असतं. जिने, ओझं, लांबचा प्रवास, दगदग — काही चालणार नाही. पुन्हा झटका आला तर वाचवता येणार नाही. पेशंटला हे सांगायचं नसतं म्हणून त्यांनी तुम्हाला सांगितलं नाही.

डॉक्टर असं काही म्हणालेच नव्हते. एक अक्षरही नाही. ते म्हणाले होते, ‘ही विल लिव्ह लाँग.’

बाबांनी तो कागद माझ्या हातातून परत घेतला, घडी केली आणि खिशात ठेवला. विचारलं, ‘आईला माहीत आहे?’ मी म्हणाले, नाही. ‘मग सांगू नको.’ बस्स. माझ्या परत जाण्याचा विषय आमच्या घरात त्यानंतर निघाला नाही.

खोटं एकदा बोललं की संपतं, असं मला वाटलं होतं. पण ते पोसावं लागतं. बाबांनी मैदान सोडलं. दुसऱ्या मजल्यावरचं क्वार्टर बदलून तळमजल्याचं मागून घेतलं. दोन वर्षांत वेळेआधी निवृत्ती घेतली, आणि आम्ही कॉलनी सोडून जयपुरातच जगतपुऱ्याला राहायला आलो. महाराष्ट्रातून कुणी पाहुणे आले की पूर्वी बाबा त्यांना आमेरच्या किल्ल्यावर न्यायचे, गाइड करू द्यायचे नाहीत, स्वतः वरपर्यंत चढून सगळं सांगायचे. आता ते खाली चहाच्या दुकानात पाहुण्यांच्या चपला-पिशव्या सांभाळत बसायला लागले. दरवर्षी तपासणी असायची. मी बरोबर जायचे, डॉक्टरांशी इंग्रजीत मीच बोलायचे. डॉक्टर हसून बाबांना म्हणायचे, ‘खूब घूमो-फिरो, बाबूजी.’ बाहेर आल्यावर बाबा माझ्याकडे बघायचे. मी म्हणायचे, ‘ते सगळ्यांना तसंच सांगतात, बाबा.’

रोज छातीवर हात ठेवून झोपणारा माणूस तुम्ही पाहिलाय? मी पाहिलाय. मीच तो तसा केला होता.

तीन वर्षांपूर्वी भुसावळला मोठे काका आजारी पडले. बाबांचे थोरले भाऊ. बाबांना शिकता यावं म्हणून स्वतः शाळा सोडून हमाली केलेला माणूस. शेवटचे दिवस होते. फोनवर काकांचा आवाज नीट येत नव्हता, पण एवढं कळलं — ‘एकदा येऊन जा रे.’ बाबांनी फोन ठेवला आणि मला विचारलं, ‘जाऊ का?’

मला. साठ वर्षं एकमेकांचे असलेल्या दोन भावांनी भेटायचं की नाही, हे ते मला विचारत होते.

तेव्हा तरी हो म्हणता आलं असतं. इंग्लंड केव्हाच गेलं होतं, युनिव्हर्सिटीने माझी जागाही कधीच बंद केली होती, मला कुणी कुठे पाठवणार नव्हतं. मग का नाही म्हटलं? कारण ते भुसावळला जाऊन सुखरूप परत आले असते तर त्यांना कळलं असतं, की आपण जाऊ शकतो. आणि आपण जाऊ शकतो, तर मग ही का थांबली? या एका प्रश्नाला भिऊन मी म्हणाले, ‘रात्रभराचा प्रवास आहे, वर अर्धा दिवस. डॉक्टर नाही म्हणतील.’

काकांची अंत्ययात्रा बाबांनी माझ्या मोबाइलवर पाहिली. मोबाइल मीच धरला होता. मध्येच नेटवर्क गेलं, चित्र थांबलं, आणि बाबा त्या थांबलेल्या चित्राला हात जोडून बसून राहिले.

गेल्या वर्षी जुने डॉक्टर मुलाकडे राहायला गेले. त्यांच्या जागी एक तरुण डॉक्टरीणबाई आल्या. त्यांनी बाबांना धावत्या पट्ट्यावर चालवलं. बाबा भीत भीत चढले, आणि पूर्ण वेळ चालले. बाईंनी जुन्या सगळ्या फायली चाळल्या आणि माझ्याशी न बोलता थेट बाबांशीच बोलल्या. ‘अंकलजी, आपका दिल तो एकदम ठीक है. पहले से ठीक है. आपको चलने-फिरने से किसने मना किया?’

मी टेबलाच्या कडेकडे बघत होते. बाबा माझ्याकडे बघतायत, हे न बघताच कळत होतं. मग ते म्हणाले, ‘किसी ने नहीं, डॉक्टर साहब. मैं ही डरपोक हूँ.’

त्यांना कळलं होतं. त्यांच्या आवाजावरून मला कळलं, की सगळं कळलं होतं.

बाहेर आल्यावर त्यांनी रिक्षा केली नाही. चालायला लागले, आणि मी मागून. एका बंद दुकानाच्या पायरीवर बसले, मला शेजारी बसवलं. मी वाट बघत होते — आता ओरडतील, काकांचं नाव घेतील. त्यांनी विचारलं, ‘तिकडे तुला फार त्रास झाला होता का व माय?’

अकरा वर्षांत हे मला कुणी विचारलं नव्हतं. दार उघडून धरल्यासारखा प्रश्न होता. नुसतं ‘हो’ म्हणायचं होतं.

मी म्हणाले, ‘नाही बाबा. चांगलं होतं सगळं.’

‘बरं,’ ते म्हणाले, आणि उठले.

आता ते एकटे भुसावळला जाऊन येतात. काकू आहे, तिच्यापाशी आठ-आठ दिवस राहतात. मला विचारत नाहीत. माझ्याशी वाईटही वागत नाहीत, चहा झाला की हाक मारतात.

परवा शेजारची मुलगी पेढे घेऊन आली. तिला बाहेर ॲडमिशन मिळाली आहे, सप्टेंबरात निघणार. बाबांच्या पाया पडली, मग माझ्याकडे वळून सरळ मनाने विचारलं, ‘दीदी, आप भी तो गई थीं ना? फिर लौट क्यों आईं?’

मी तोंड उघडलं. पण माझ्या आधी बाबा बोलले. ‘मेरी वजह से, बेटा. मेरा दिल कमज़ोर था. इसने बहुत किया मेरे लिए.’

ती माझ्याकडे केवढ्या आदराने बघायला लागली! बाबा पेढ्याचा कागद सोडवत होते, त्यांनी मान वर केली नाही. मी उठले. तिला पाणी आणून दिलं आणि सांगितलं, थर्मल इथूनच घेऊन जा, तिकडे महाग पडतात.