रॉस हॉकिंगची आटलेली जर्सी

आमच्या वॉलंडरीच्या फुटबॉल क्लबात खेळाडू येतात-जातात, अध्यक्ष बदलतात, पण जर्स्या धुतो तो लिंडसे हॉकिंगच. एकेचाळीस वर्षं. लोकरीचं काही दिलंत तर गार पाण्यात, न पिळता, सावलीत आडवं वाळवणार. माझा लग्नातला स्वेटर त्याच्याच हातून अजून जिवंत आहे.

त्याचा थोरला भाऊ रॉस. रॉसला खेळाचं वेड, पण लाथ अशी वाकडी की चेंडू नेहमी भलतीकडेच. संघ निवडायचा पबवाला जॅक प्रेंडरगास्ट. त्याने रॉसला दोन हंगाम राखीव म्हणून बाकावर बसवलं. रॉसने संत्र्याच्या फोडी वाटल्या, टाळ्या वाजवल्या, पण तो एक मिनिटही मैदानात उतरला नाही. मग सरकारने व्हिएतनामच्या युद्धावर पाठवायच्या पोरांची सोडत काढली. तिथे मात्र त्याची पहिल्याच फटक्यात निवड झाली. तो परत आला नाही.

यंदा क्लबला एकदम सैनिकांचा पुळका आला. अँझॅक दिवसाच्या, म्हणजे ऑस्ट्रेलियातल्या सैनिकांच्या स्मरणदिनाच्या, सामन्याला जुन्या वळणाच्या लोकरी जर्स्या, पाठीवर गावातल्या सैनिकांची नावं, आणि पुढच्या शनिवारी लिलाव. वरातीमागून घोडं म्हणतात ते हेच. माझ्या कँटीनच्या खिडकीशी आठवडाभर तोच वाद.

"गेलेल्यांची नावं विकायची म्हणजे काय?"

"विकतोय कुठे? मान देतोय."

"मग मान फुकट द्या की!" मी म्हटलं, आणि मानवाल्या गिऱ्हाइकाच्या हातात त्याचं सॉसेज कोंबलं.

अध्यक्ष आता जॅकचा मुलगा गॅव्हिन, पबही त्याचाच. माणूस वाईट नाही, फक्त स्वतःच्या आवाजाच्या प्रेमात. सामना झाल्यावर जर्स्यांचा ढीग लिंडसेकडे सांभाळायला देत तो म्हणाला, "धुवायच्या नाहीत हं. चिखलासकट विकायच्या. आणि रॉसची मी घेणार. काचेत घालून पबात लावतो, गल्ल्याच्या वर."

"ती मला दे, गॅव्हिन." लिंडसे कुणाकडे काही मागतो असं मी कधी ऐकलं नव्हतं. "एवढी एकच."

"अरे, घरच्यांनाच देत बसलो तर लिलाव कसला? पबात सगळं गाव बघेल."

"तुझ्या बापाने त्याला बाकावर बसवला. आता तू भिंतीवर बसव."

गॅव्हिन हसला. मग लिंडसेही हसला, आणि मला धडकी भरली. तो असा हसला की समजावं, कुणाची तरी धडगत नाही.

सोमवारी मी त्याच्याकडे ट्रे मागायला गेले, तर मागच्या पडवीत चुलीवर तांब्याचा जुना हंडा रटरटत होता आणि लिंडसे आत काठी फिरवत होता. शेजारी एकवीस जर्स्या चिखलासकट घडी करून ठेवलेल्या.

"लिंडसे! लोकर उकळतोयस?"

"अरेच्चा, खरंच की," तो म्हणाला आणि हंड्याखाली आणखी एक लाकूड सारलं.

मी ट्रे घेतला आणि घरी आले.

शनिवारी सामन्याआधी लिलाव. गॅव्हिनने न बघताच ऐटीत रॉसची जर्सी वर धरली. घट्ट, जाड, चिमुकली. सात वर्षांच्या पोराला जेमतेम झाली असती. सगळा क्लब खो खो हसला.

"हे काय रे?"

"वय झालं, गॅव्हिन. चूक झाली."

"एकवीस ठीक, आणि नेमकी हीच चुकली?"

"हिलाच चिखल फार होता."

गॅव्हिनचं तोंड जर्सीवरच्या नावाइतकंच लाल झालं. "घेऊन जा तुझं हे बाहुलीचं झबलं!" त्याने जर्सी फेकली. लिंडसेने ती हवेतच झेलली. सत्तरीतला माणूस, पण काय झेलली!

मध्यंतराला नेहमीप्रमाणे लहान पोरं मैदानात खेळायला उतरली. गॅव्हिनची नात इमोजेन कुंपणाशी कुडकुडत रडत होती. जर्सी घरी विसरली होती. लिंडसेने क्षणभर हातातल्या लोकरीकडे पाहिलं, मग ती तिच्या डोक्यातून घातली. मापात बसली.

भोंग्यावरचा निवेदक पाठीवरची नावं वाचूनच बोलतो. तो सवयीने ओरडला, "चेंडू हॉकिंगकडे! हॉकिंग पळतोय!"

"पळ, पोरी, पळ!" गॅव्हिन बेंबीच्या देठापासून ओरडला. मग त्याला पाठीवरचं नाव दिसलं.

इमोजेनने लाथ मारली. चेंडू गोल सोडून थेट माझ्या कँटीनकडे आला.

"अगदी रॉससारखा मारला!" लिंडसे हसता हसता रडायला लागला. मीही रडले, उगाच का लपवू?

पोरांची अदलाबदल करायला पंचाने शिट्टी फुंकली आणि इमोजेनला बाहेर यायची खूण केली. लिंडसे कुंपणावर ओणवा होऊन ओरडला, "रॉसला काढू नका!"

गॅव्हिनने पंचाकडे पाहून हात हलवला. "राहू दे," तो म्हणाला. "पूर्ण वेळ खेळू दे."